दिवस बुडायच्या आत

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला एक कागद भरायला दिला होता. नाव, पत्ता, शिक्षण, आणि तळाशी एक रकाना : कामाला कोणत्या वेळेत येऊ शकाल? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, रविवारी नाही. मुलाखतीत तोंडानेही सांगितलं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी तिसरीत, आणि मी दिवस बुडायच्या आत जेवते. साहेब हसून म्हणाले होते, "काही काळजी करू नका बाई, तुमचं सगळं सांभाळून घेऊ की."

तीन महिने सांभाळलं. चौथ्या महिन्यात भिंतीवर ड्यूटीचा तक्ता लागला आणि त्यात गुरुवारी आणि शनिवारी माझ्या नावापुढे रात्री आठ. मला वाटलं, चुकून झालं असेल. आत जाऊन आठवण केली. "हो हो, बघू," साहेब म्हणाले. पुढच्या महिन्यात परत तेच. परत आठवण, परत "बघू". तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सगळ्यांनाच अडचणी असतात."

आमच्याकडे बेळगावात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एका गुरुवारी मी साडेपाचला डबा उघडला. दोन भाकरी, एक भाजी, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात साहेब बाहेर आले. म्हणाले, "हे ऑफिस आहे, खानावळ नव्हे." मी डबा बंद केला. रात्री नऊला घरी पोचले, पाणीसुद्धा न पिता झोपले. खरं सांगायचं तर उपवासाचं मला काही नाही. चतुर्दशीला करतेच मी. पण व्रत म्हणून केलेला उपवास वेगळा आणि कुणीतरी घडवलेला उपवास वेगळा. जास्त लागलं ते हे, की मी सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. आणि माझं सांगणं न सांगितल्यासारखं झालं होतं.

त्या दिवसांत वाचनालयातून गिरणी कामगारांच्या इतिहासाची पुस्तकं आणायला लागले. आपल्या आधी ही गोष्ट कुणी कुणी सांगितली होती, आणि त्यांचं कुणी ऐकलं का, हे मला बघायचं होतं. त्यातलं जे कळलं ते इथे सांगते, कारण पुढे माझ्याच स्वयंपाकघरात ते उलटून माझ्यावर आलं.

साडेसहा ते सूर्यास्त

मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली १८५० च्या दशकात. तीस वर्षांत परळ, भायखळा या भागांत धुराडीच धुराडी उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसं आली, त्यांच्यात बायाही होत्या. बायकांना बहुतेक ठिकाणी सूत गुंडाळायच्या आणि कापूस साफ करायच्या खात्यात काम मिळे. कामाला ठरलेली वेळ अशी नव्हती. दिवस उगवला की भोंगा आणि दिवस मावळला की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम मोठं. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. सणवार पडला किंवा यंत्र साफ करायचं असलं की गिरणी बंद, आणि यंत्र साफ करायला पुन्हा मजूरच लागायचे.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढं होतं. मोठ्या बायकांबद्दल त्या कायद्यात तासांचा एक शब्द नव्हता.

याच काळात नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस उभा राहिला. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. मांडवीच्या एका कापडगिरणीत त्यांनी नोकरी केली होती, त्यामुळे गिरणीचं आतलं त्यांना माहीत होतं. नोकरी सोडून ते ‘दीनबंधू’ हे पत्र मुंबईतून चालवू लागले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला मजुरांच्या सभा घेतल्या आणि सरकारच्या आयोगापुढे ठेवायला एक अर्ज तयार केला. साडेपाच हजारांच्या आसपास मजुरांनी त्याला पाठिंबा दिला.

त्या अर्जातल्या मागण्या मी वहीत उतरवून घेतल्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर काहीतरी सोय व्हावी.

तिसऱ्या मागणीशी मी थांबले. साडेसहा ते सूर्यास्त. म्हणजे आजच्या हिशेबाने अकरा-बारा तास होतात. एवढ्या तासांसाठी अर्ज करावा लागावा, याचं प्रथम वाईट वाटलं. मग लक्षात आलं की त्या लोकांना फक्त तास कमी करून नको होते. अमुक वाजता आम्ही येऊ आणि अमुक वाजता जाऊ, हे त्यांना आधी ठरवून हवं होतं. पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, लेकराला कुणाकडे तरी ठेवायचं, हे सगळं घड्याळावर चालतं. भोंगा कधी वाजेल आणि सुट्टी कधी होईल हे ज्या बाईला माहीत नाही, तिला संसाराचं कुठलंच काम ठरवता येत नाही.

अर्जाचं लगेच काही झालं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. गिरणीमालकांचं म्हणणं, मजूर आपल्या मर्जीने येतात, दांड्याही मारतात, त्यांना सुट्टी कशाला? हे वाचताना मला आमचे साहेब आठवले.

दोन बायका

२४ एप्रिल १८९० ला मुंबईत मजुरांची मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार माणसं. मागणी एकच ठेवली होती, आठवड्याला एक सुट्टी. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. इतिहासाच्या पुस्तकांत त्या ‘दोन स्त्रिया’ म्हणूनच येतात.

मैत्रिणींनो, जरा डोळ्यांपुढे आणा. १८९० साल. मुंबईत त्याच सुमारास बायकांनी शिकावं की नाही, यावर मोठमोठ्या पगड्या वाद घालत होत्या. आणि इथे दोन गिरणीतल्या बाया दहा हजार माणसांपुढे उभ्या राहून बोलत होत्या, की आम्हाला एक दिवस द्या. घरी लेकरं ठेवून, पहाटे उठून, दिवसभर रुळावर सूत गुंडाळणाऱ्या बायांना भाषण कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट होती, एवढंच.

दीड महिन्यात, १० जून १८९० ला, मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार, शिवाय सरकारी कचेऱ्याही त्याच दिवशी बंद, म्हणून तोच दिवस सोयीचा पडला. आज आपण रविवारी दहाला उठतो, तो दिवस आपोआप आलेला नाही.

दुसऱ्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, पहिल्यांदा बायकांच्या तासांना मर्यादा आली. दिवसाला अकरा तास आणि मधे विसावा. रात्रीच्या कामावरही बंधन आलं.

हे सगळं चांगलंच झालं, पण त्याला दुसरी बाजूही होती. बंधन घालताना बायकांना फारसं कुणी विचारलं नाही. एखादीला रात्रीच काम हवं असेल, कारण दिवसा तिची आई आजारी आहे, तर? आणि पुढे गिरण्यांत रात्रपाळी आली तेव्हा मालकांनी सोपा हिशेब केला. जी बाई रात्री येऊ शकत नाही तिला घेण्यापेक्षा पुरुषच बरा. हळूहळू बायका गिरणीतून कमी होत गेल्या. एकाने तुझी वेळ ऐकायची नाही, दुसऱ्याने तुला न विचारता तुझी वेळ ठरवायची. या दोन्हींत तिचं बोलणं कुठेच नाही.

दिवा लागला

सूर्यास्ताची गोष्ट अजून संपली नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर अंधार हीच मजुराची सुट्टी होती. धागा दिसेना झाला की यंत्र थांबायचं. आता रात्रीही धागा दिसू लागला, आणि कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्या वर्षी मजुरांनी याविरुद्ध मोठा गदारोळ केला.

हे वाचल्यावर मला आपल्या घरातल्या आजीबाईंची एक सवय आठवली. दिवस बुडाला की चूल बंद. दिवा असो नसो, बंद. तेव्हा आम्हा पोरींना तो जाच वाटायचा. आता वाटतं, त्या निमित्ताने घरातल्या बाईचं स्वयंपाकघरातलं काम एका ठरलेल्या वेळेला संपत तरी होतं. रात्री भोजन नको हा नियम जीवदयेचा. त्यात रांधणाऱ्या बाईलाही थोडी दया मिळायची, हे आमच्या लक्षात यायला विजेचा दिवा आणि हातातला फोन यावा लागला. फोन तर खिशातला गिरणीचा दिवा आहे. रात्री साडेदहाला साहेबांचा निरोप येतो, "उद्या लवकर या."

गिरण्यांतल्या बायांच्या लेकरांचं काय व्हायचं हेही सांगायला हवं. पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या चाळींची पाहणी झाली, त्यात नोंदलं गेलं की कामाला जाताना आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी द्यायच्या. बाळ दिवसभर झोपून राहायचं. वाचताना माझा हात थांबला. त्या आया निर्दयी नव्हत्या. त्यांनी आपली अडचण सांगितली असती तर ऐकणारा कुणी नव्हता, म्हणून त्यांनी बाळाला गप्प केलं.

मालकाच्या घरातली मुलगी

आता एक गोष्ट आपल्या समाजातली.

अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलं असेल. जैन घराणं, गिरणीमालक. त्या घरातली अनसूया १८८५ ची. नऊ वर्षांची असताना आईवडील गेले. तेराव्या वर्षी लग्न झालं, ते टिकलं नाही. भाऊ अंबालाल यांनी पाठबळ दिलं आणि ती विलायतेला डॉक्टरी शिकायला गेली. तिथे कळलं की शिकताना प्राणी चिरावे लागतात. ते तिच्या धर्मात बसेना, म्हणून तिने डॉक्टरी सोडली आणि समाजशास्त्राकडे वळली. १९१३ मध्ये ती परतली.

तिच्याबद्दलची एक आठवण प्रसिद्ध आहे. एका सकाळी ती घराबाहेर बसलेली असताना गिरणीतले काही मजूर समोरून गेले. चालताहेत पण झोपेत असल्यासारखे. तिने विचारलं, काय झालं? तर ते सलग छत्तीस तास काम करून घरी निघाले होते. दोन रात्री आणि मधला एक दिवस. कायद्याने तेव्हा कापडगिरणीत मोठ्या माणसाला बारा तासांची मर्यादा घातलेली होती. कायदा कागदावर आणि मजूर रस्त्यावर.

अनसूयाबेन त्या दिवसानंतर मजुरांच्या बाजूला गेल्या. पुढे १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप झाला. पगारवाढीचा प्रश्न होता. मजूर पस्तीस टक्के मागत होते, मालक वीसवर अडले होते. मालकांच्या बाजूने पुढे होते अंबालाल, सख्खा भाऊ. मजुरांच्या बाजूने गांधीजी आणि अनसूयाबेन. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरायची. गांधीजींनी उपोषण केलं, तीन दिवसांत तडजोड झाली, आणि शेवटी लवादाने पस्तीस टक्केच दिले. १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. मजूर अनसूयाबेनना ‘मोटाबेन’ म्हणत, म्हणजे मोठी बहीण.

तिने उपोषण केलं नाही, फार भाषणं ठोकली नाहीत. तिने सुरुवातीला फक्त विचारलं, काय झालं? मालकाच्या घरातल्या बाईने मजुराला विचारणं हीच मोठी गोष्ट होती.

आपल्या शास्त्रात यासाठी शब्द आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शिकवताना पंडितजी बैलाचं उदाहरण द्यायचे. बैलावर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं घालू नये, त्याचं चारापाणी अडवू नये. आम्ही बैल म्हणून पाठ केलं आणि बैलापाशीच थांबलो. तत्त्वार्थसूत्राला दीड हजार वर्षं होऊन गेली. साडेपाचला माझा डबा बंद झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शेवटचे दोन अतिचार एकाच ड्यूटीच्या तक्त्यात मावतात.

कोणते तास

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये फॅक्टरी कायदा सुधारून आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. मग स्वतंत्र भारताचा १९४८ चा कायदा. आठवड्याला अठ्ठेचाळीस, दिवसाला नऊ, जास्तीच्या कामाला दुप्पट मजुरी, आठवड्याची एक सुट्टी.

या कायद्यात मला सगळ्यात आवडलेलं कलम साधंच होतं. कोणत्या पाळीत कोण कधी काम करणार, याची सूचना कारखान्यात आधी लावायची. ती बहुसंख्य मजुरांना कळेल अशा भाषेतही हवी, आणि त्या सूचनेबाहेर काम घ्यायचं नाही. १८८४ च्या अर्जातली तिसरी मागणी इथे येऊन बसली. किती तास एवढंच पुरत नाही. कोणते तास, तेही आधी ठरलं पाहिजे. दुकानं आणि कार्यालयं यांच्यासाठी कर्नाटकात १९६१ चा वेगळा कायदा झाला, त्यातही तासांची आणि साप्ताहिक सुट्टीची तरतूद आहे.

आणि २०२० साली संसदेने जी नवी कामगार संहिता मंजूर केली, तिच्यात बाईला सकाळी सहाच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, असं आहे. १८९१ ला ‘बाईने रात्री काम करायचं नाही’ होतं, आता ‘तिला विचारून’ झालं. सव्वाशे वर्षांनी विचारणं कायद्यात आलं. पण ज्या ऑफिसात ‘नाही’ म्हटलेलं ऐकूच जात नाही तिथे ‘हो’ला काय अर्थ राहिला?

माझा कागद

माझ्या गोष्टीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ही अडचण येणाऱ्या मुली मला विचारतात.

एकटीने आत जाऊन "साहेब, जरा बघा ना" म्हणणं मी बंद केलं. एक पत्र लिहिलं. पहिल्या दिवशी भरून दिलेल्या कागदाची तारीख त्यात घातली. कोणते तास मी येऊ शकते ते लिहिलं, आणि कोणते नाही तेही. मग एक ओळ, की सकाळी नऊलाच येऊन बसायला मी तयार आहे. तक्त्यावर ज्या ज्या दिवशी आठ पडले होते त्या तारखा लिहिल्या. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवली आणि दिलेल्याची पोच घेतली. अडचणीचं रडगाणं त्यात नव्हतं. सासूबाईंचा आजार, मुलीची शाळा, काही नाही. कारण सांगायला गेलं की समोरचा कारणाचा न्याय करायला बसतो. वेळ सांगितली की त्याला वेळेबद्दल बोलावं लागतं.

आणि पत्र देण्याआधी मी शेजारच्या टेबलावर गेले. कळलं की तीही बघू-बघू ऐकतेय. तिच्या पलीकडची गरोदर होती आणि शनिवारचे आठ तिलाही पडले होते. आम्ही चौघींनी वेगवेगळी पत्रं लिहिली, एकाच दिवशी दिली. साहेबांनी सगळी वाचली की नाही कोण जाणे, पण चार पोच द्याव्या लागल्या हे त्यांच्या लक्षात राहिलं. पुढच्या महिन्यात तक्ता बदलला. मला सकाळची पाळी मिळाली. गरोदर बाईला मिळाली नाही. तिने सहाव्या महिन्यात नोकरी सोडली. आम्ही तिघींनी तिच्यासाठी परत पत्र द्यायला हवं होतं. दिलं नाही. आपलं झालं होतं ना.

मंगळवारचे चार

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. ज्या घरांत त्या भांडी घासायच्या त्या घरांतल्या बायकांना तो फार मोठा धक्का होता. पगार वाढवून द्या, पगारी सुट्टी द्या, अशा त्यांच्या मागण्या. त्यावर ‘मोलकरीण’ नावाचा एक चित्रपट युगांतर नावाच्या बायकांच्या गटाने १९८१ मध्ये केला. त्याच गटाने दुसऱ्या वर्षी आपल्या निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायांवर चित्रपट केला. आपल्यातल्या कितीतरी घरांनी तंबाखू लावला, विकला, त्यावर पोरं शिकवली. वखारीत चाळणी धरून खोकणाऱ्या बायांची वेळ कधी विचारली का, ते ज्याने त्याने घरी विचारावं.

घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून फॅक्टरी कायदा तिथे कधी आला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. म्हणजे मोलकरणीची वेळ ऐकायची की नाही, हे बहुतेक घरांत अजून एकच माणूस ठरवतं. तिची मालकीण. म्हणजे आपण.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पंधरा वर्षं येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, मंगळवारी चारनंतर नाही, बचत गट असतो. मी हो म्हटलं होतं. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात घरी पाहुणे होते. मंगळवारी दुपारी मी फोन केला, "मावशी, पाचला जरा येऊन जा हो, एवढी भांडी आहेत."

पलीकडून जरा वेळ आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "वैनी, मंगळवारचं मी पयलंच सांगितलो होतो की."

मी म्हणाले, "हो हो, पण आजच्या दिवस बघा ना."

फोन ठेवला आणि माझंच बोलणं कानात राहिलं. आवाज माझा, शब्द साहेबांचे. त्या आल्या. पाचला आल्या, सातला गेल्या. गटाचा हप्ता त्या दिवशी भरायचा राहिला आणि त्यांना दंड बसला, हे मला त्यांच्या सुनेकडून नंतर कळलं. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत.

क्षमावणीच्या दिवशी आपण बस्तीत जातो, ओळखीच्या सगळ्यांना हात जोडतो. फोनवर शंभर जणांना एकच निरोप पाठवतो. मी त्या दिवशी मावशींना दारात थांबवून म्हटलं, "त्या मंगळवारी मी चुकले. तुम्ही आधी सांगितलं होतं." दंडाचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्या लाजल्या. म्हणाल्या, "असू दे हो वैनी, एवढं काय त्यात." मग पदराला पैसे बांधता बांधता म्हणाल्या, "पर एक सांगू का? शनिवारी पण मला लवकर जायचं असतंय. नातीची शिकवणी हाय. कधी बोललो नाही मी."

पंधरा वर्षांत बोलल्या नव्हत्या. मी ओट्याजवळच्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलं : मंगळवार चारनंतर नाही. शनिवार तीननंतर नाही. मावशींना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी जवळ येऊन त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे शनिवारचं कुठलं?" मी दाखवलं.